सगळं केलं

लिफ्टमध्ये खालच्या मजल्यावरची सून तान्ही मुलगी खांद्यावर घेऊन शिरली आणि दार लागायच्या आत डॉक्टरांना म्हणाली, "काका, काल पालथी पडली ही! आपली आपण!" डॉक्टरांनी जे म्हणायचं असतं ते म्हटलं. अरे वा म्हटलं, शाब्बास म्हटलं, बाळाच्या गालाला बोट लावलं. सून तेवढ्यात फोनवरचं चित्रीकरणही दाखवू लागली. चादरीवर मूल, एका कुशीवर लटकलेलं, जाऊ की नको अशा बेतात. मग एकदम धप्पकन पालथं, नाक चादरीत. क्षणभर काहीच नाही. आणि मग डोकं वर, हनुवटीवरून लाळ, डोळ्यांत जग जिंकल्याचा भाव आणि मागे घरच्यांचा हसण्याचा गलका. ते जे क्षणभर काहीच नव्हतं, तिथेच डॉक्टर अडकून पडले. तळमजला आला, सून उतरली, बाळानं खांद्यावरून मागे पाहिलं, आणि डॉक्टर आतच राहिले. दार लागलं, लिफ्टला कुणीतरी वर बोलावलं होतं, ती निमूट सातव्या मजल्यावर गेली. तिथे उभ्या असलेल्या गृहस्थांनी "वर की खाली?" असं साधंच विचारलं, तर पन्नाशी उलटलेला, दिवसभर दुसऱ्यांच्या श्वासांचा हिशेब ठेवणारा हा माणूस म्हणाला, "बघतो."

बघतो, बघू, बघूया. गाडीची किल्ली घरी राहिली होती आणि ती आणायला पुन्हा वर जायचं त्यांच्या जिवावर आलं, म्हणून ते चालतच हॉस्पिटलकडे निघाले. दुकानांची शटरं अर्धी उघडी होती, पाववाल्याच्या दारात रिकामे ट्रे रचलेले, कुणीतरी फुटपाथ धुऊन काढलेला. सकाळची हवा छातीत आपली आपण जात होती. धडधाकट माणसाच्या ही गोष्ट कधी ध्यानात येत नाही, येऊही नये. आज ती पावलोपावली डॉक्टरांच्या ध्यानात येत होती. वॉर्डात एक माणूस पडला होता, त्याच्या छातीत ती अशी जात नव्हती. शाळेत चित्रकला शिकवणारे मास्तर. आधी ताप, मग खोकला, मग न्यूमोनिया, आणि बघता बघता दोन्ही फुफ्फुसं आतून ओली, जड झालेली. काल दुपारी घशात नळी घालून त्यांना मशीनवर घेतलं, मशीन ऑक्सिजन ओतत होतं, पण रक्तात तो चढेना. ऑक्सिजनचा आकडा दाखवणारा चिमटा बोटाला लावावा तर नखांत चित्रांचा निळा रंग बसलेला. स्पिरिटनं घासघासून सिस्टरांनी एक बोट कसंबसं स्वच्छ केलं तेव्हा आकडा दिसला, आणि तो दिसला नसता तर बरं, असा होता. संध्याकाळी निघताना डॉक्टर म्हणाले होते, यांना पालथं झोपवायचं, आजच. इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या होत्या, हो डॉक्टर. आणि ते झालेलं नसणार, हे त्यांना आत्ता फोन न करताही ठाऊक होतं. काल निघतानाही ठाऊक होतं. तरी ते थांबले नव्हते.

इन्चार्ज सिस्टर कधी नाही म्हणत नसत. नाही म्हटलं असतं तर भांडता तरी आलं असतं. त्यांच्याकडे कारणं असायची. ड्युटी बदलायची वेळ आहे, उलटवायला पाच माणसं लागतात आणि आत्ता तीनच आहेत. उशा धुवायला गेल्यात. शेजारच्या पेशंटचं प्रेशर उतरलंय, माणूस हलवता येत नाही. नातेवाईक तयार नाहीत. यातलं एकही कारण खोटं नसायचं, हीच तर पंचाईत. खऱ्या कारणांची अशी भिंत रचली जायची की तिच्यापलीकडे रुग्ण उताणाच्या उताणा राहायचा, आणि दोनतीन दिवसांनी, दुसरं काहीच उरलं नाही की, कुणीतरी म्हणायचं, चला, आता पालथं करून बघू. मग तीच पाच माणसं मिळायची, त्याच उशा मिळायच्या, आणि तो माणूस जायचा. वॉर्डात एक म्हणच पडली होती, पालथा केला की गेला. नव्या नर्सना पहिल्या आठवड्यात बाकी काही नाही तरी ही म्हण पाठ व्हायची. आणि डॉक्टर, जे या विभागाचे प्रमुख होते, ज्यांच्या एका शब्दावर खरं तर सगळं हलायला हवं, ते इन्चार्ज सिस्टरांना आवाज चढवून काही सांगू शकत नव्हते, कारण त्या त्यांच्या वहिनी होत्या. थोरल्या भावाची बायको. भावाची विधवा, असं म्हणायला हवं, पण तो शब्द त्यांच्या मनातही कधी उमटायचा नाही.

दादाचं चष्म्याचं दुकान होतं. गिऱ्हाइकाच्या नाकावर नवा चष्मा चढवला की म्हणायचा, आता घरी जाऊन बायको बघा, आवडली नाही तर चष्मा परत घेईन. उंचीनं बेताचा, पण रुंदीला काही कमी नाही. आई म्हणायची, याला वाढवताना देवाची फूटपट्टी आडवी धरली गेली. तरुणपणी पाय मोडून हॉस्पिटलात पडला तेव्हा एका नर्सनं त्याला रागावून रागावून चालायला लावलं, आणि बरा झाल्यावर हा गडी तिलाच मागणी घालायला गेला; म्हणाला, आता रागावायचंच आहे तर जन्मभर रागवा. जन्मभर म्हणजे त्याच्या जन्मभर. तीच ही वहिनी. घरी त्या डॉक्टरांना भाऊजी म्हणत आणि वॉर्डात डॉक्टर. तेही घरी वहिनी म्हणत आणि वॉर्डात सिस्टर. आणि या दोन्हींची कधी सरमिसळ होऊ द्यायची नाही असं दोघांनी न बोलता ठरवून टाकलं होतं. मग दादालाही तेच झालं, जे आता मास्तरांना झालंय. याच वॉर्डात, खिडकीजवळच्या खाटेवर. डॉक्टर तेव्हा प्रमुख नव्हते. प्रमुख होते ते मोठे डॉक्टर, जुन्या वळणाचे, हाताला यश असलेले, आता निवृत्त होऊन झाडांना पाणी घालणारे. घरच्या माणसावर घरच्यानं इलाज करायचा नसतो, हा नियम. आणि नियम चांगलाच आहे, त्याच्यामागे शहाणपण आहे. म्हणून डॉक्टर दादाच्या खाटेपासून चार पावलं लांब उभे राहायचे, नातेवाइकासारखे. मशीन लावताना कुणीतरी दादाच्या पोटाकडे बघून भला मोठा श्वास लावला, म्हणजे दर खेपेला आत जाणारी हवा, कारण माणूस केवढा मोठा. पोट सुटलं म्हणून फुफ्फुस वाढत नाही. ते असतं उंचीच्या मापाचं, आणि आजारी पडलं की त्यातलंही जेमतेम लहान मुलाएवढं चालतं; त्यात मोठ्या माणसाचा श्वास कोंबायचा म्हणजे विरलेल्या कापडाला ओढून ताणण्यासारखी गत. डॉक्टर हे जाणत होते. त्यांनी एकदा, फक्त एकदा, मोठ्या डॉक्टरांना कॉरिडॉरमध्ये गाठून हळूच म्हटलं होतं, सर, श्वास जरा कमी करून, पालथं करून बघायचं का? सरांनी खांद्यावर हात ठेवला. "तू आत्ता भाऊ आहेस. उद्या बघू." तो हात इतका मायेचा होता की डॉक्टर खाली कॅन्टीनमध्ये जाऊन चहा पीत बसले.

उद्या झाला, परवा झाला. अखेर दादाला पालथं केलं तेव्हा त्याची नखं काळीनिळी पडली होती. तासाभरात तो गेला. वहिनींना त्या दिवसांत ड्युटी नव्हती, त्याही नातेवाईक म्हणून बाहेरच्या बाकावर. पण अंग पुसायला त्यांनी दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. चेहरा सुजला होता, गालावर नळीचा वळ उठला होता आणि खालच्या बाजूचा कान दुमडून उशीत तसाच राहिला होता. वहिनींनी तो कान बोटांनी सरळ केला. तो पुन्हा दुमडला. त्यांनी पुन्हा केला. डॉक्टर दारात उभे होते. काहीतरी बोलायला हवं होतं, आणि या धंद्यात अशा वेळी बोलायचं वाक्य तयार असतं, ते शोधावं लागत नाही, तेच आपल्याला शोधत येतं. ते म्हणाले, "वहिनी, आपण सगळं केलं." वहिनींनी मान डोलावली. त्या मानेवर, त्या डोलावण्यावर, डॉक्टर इतकी वर्षं निभावून गेले. सणक यावी तसं कधी मध्येच आठवायचं, पण निभावून गेले.

कारण सगळं केलं नव्हतं, हे त्यांना माहीत होतं. सगळ्या जगाला माहीत होतं. मोठमोठ्या हॉस्पिटलांनी हजारो रुग्णांवर तपासून, मोजून, छापून ठेवलं होतं. उताण्या माणसाच्या फुफ्फुसाचा मोठा भाग पाठीकडे दबलेला असतो, वर छातीचं ओझं, हृदयाचं ओझं, पोटाचं ओझं, भिजलेल्या गादीवर गाद्या रचाव्यात तसं. पालथं केलं की तो भाग मोकळा होतो, हवा आत शिरते. औषध नाही, महागडं यंत्र नाही. लागतात पाच माणसं, चार उशा आणि वेळेवर ठरवणं. यातलं वेळेवर ठरवणं सोडलं तर बाकी सगळं वॉर्डात होतं. दादा गेल्यावर डॉक्टरांनी याच विषयावर भाषणं द्यायला सुरुवात केली. गावोगावच्या परिषदांतून, पडद्यावर चित्रं दाखवत. चांगलं बोलायचे. टाळ्या पडायच्या. लोक जेवणाच्या रांगेत येऊन म्हणायचे, डोळे उघडलेत तुम्ही आमचे. आणि आपापल्या हॉस्पिटलात जाऊन रुग्णांना उताणं ठेवायचे. पालथ्या घड्यावर पाणी म्हणायची तरी सोय कुठे होती, स्वतःच्याच वॉर्डातला घडा पालथा होत नव्हता. एका वर्षी त्यांनी शिंप्याच्या दुकानातून टेपा आणून प्रत्येक खाटेला बांधल्या, उंची मोजा, अंदाजानं श्वास लावू नका म्हणून. महिन्याभरात एका टेपेनं खिडकीचा पडदा बांधलेला दिसला, एकीनं एक्स-रेंचा गठ्ठा, आणि एक तर कुणाच्या तरी मुलीच्या शाळेच्या गॅदरिंगला गेली ती गेलीच. लोक वाईट नव्हते हो. राबत होते बिचारे. एका नर्सला दोन मरणं सांभाळायची असतात, तिनं टेप कधी शोधायची? डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी नव्या टेपा आणल्या. दादाची उंची घ्यायला कुणीतरी टेप धरली असती तर, हा विचार यायचा आणि ते तो परतवून लावायचे, दारावर आलेल्या विक्रेत्याला परतवावं तसा, आत न घेता.

वॉर्डात पोचले तर मास्तर उताणेच होते. ज्युनिअर डॉक्टर पोरगेला, प्रामाणिक, डोळे तारवटलेले. म्हणाला, सर, तयारी केली होती, पण मिसेस तयार झाल्या नाहीत. आकडा कालच्याहून खाली आला होता. डॉक्टरांनी खाटेची टेप सोडली, दोघांनी मिळून मास्तरांना टाळूपासून टाचेपर्यंत मोजलं. हडकुळे, लांबलचक वाटणारे मास्तर प्रत्यक्षात बुटकेच निघाले. श्वास पुन्हा अंदाजानंच लागला होता, जास्त. डॉक्टरांनी तो उतरवला. छातीचं वरखाली होणं एकदम लहान झालं, बघवत नाही इतकं लहान. न कळणाऱ्या माणसाला वाटावं, याचा श्वासच चोरला. मास्तरांचा निळ्या नखांचा हात चादरीवर पडला होता. आणखी एक दिवस असा गेला तर काय होणार, हे डॉक्टरांना पाठ होतं. उद्या काळी नखं, परवा पाच माणसं आणि उशा.

मास्तरांची बायको बाहेरच्या बाकावर होती, त्याच बाकावर. मांडीवर नवऱ्याचा चष्मा, त्याच्या काचा ती पदरानं पुसत होती, पुसून झाल्या की पुन्हा. चष्मा दादाच्या दुकानातला असेल का, असा एक वेडा विचार डॉक्टरांच्या मनात येऊन गेला. त्यांनी तिला समजावलं. भाषणांतलं सगळं, सोप्या शब्दांत. तिनं ऐकून घेतलं. बाई समजूतदार होती, सही करायला हात आखडणारी नव्हती. मग म्हणाली, "मी काल सिस्टरांना विचारलं, तुमच्या घरचं माणूस असतं तर तुम्ही करू दिलं असतं का?"

डॉक्टर थांबले. "मग?"

"त्या म्हणाल्या, माझ्या घरच्याला केलं होतं." बाईनं चष्मा घडी करून मुठीत धरला. "पुढे काही बोलल्या नाहीत. मी पण विचारलं नाही."

डॉक्टर बाकावर तिच्या शेजारी बसले. राग यायला हवा होता, पण आला नाही. आली ती लाज, आणि तिच्या पाठोपाठ भीती. सगळा गुंता त्यांना एकदम, हातातल्या रेषांसारखा, स्वच्छ दिसला. वहिनी कुणाचं वाईट चिंतत नव्हत्या. त्या मास्तरांना वाचवत होत्या, जीव तोडून, दरवेळी खरी कारणं शोधून. दादाला जे झालं ते दुसऱ्या कुणाला होऊ नये म्हणून. आणि त्यांना असं वाटायला लावलं कुणी? डॉक्टरांनीच. सगळं केलं म्हणून सांगितलं ना. सगळं केलं आणि तरी माणूस गेला, तर मग शेवटी जे केलं त्यानंच तो गेला. हिशेब सरळ होता. तो मोडायचा तर एकच उपाय होता. ते वाक्य परत घ्यायचं. म्हणजे वहिनींना जाऊन सांगायचं, की तुमचा नवरा वाचू शकला असता. ज्या एका समाधानावर बाईनं मुलं वाढवली, दुकान विकलं, ड्युट्या केल्या, ते समाधान काढून घ्यायचं आणि त्याच्या बदल्यात त्यांच्या हाती काय द्यायचं, तर एका परक्या ड्रॉइंग मास्तरांना उलटवायचं काम. यात आपला स्वार्थ किती आणि खरेपणा किती, हेही त्यांना कळेना. दोन दिवस मिळाले असते तर त्यांनी नक्की म्हटलं असतं, बघू.

वहिनी चादरींच्या खोलीत होत्या. फडताळापुढे उभ्या राहून फाटक्या चादरी वेगळ्या काढत होत्या. डॉक्टर आत गेले आणि त्यांनी दार लोटलं.

"वहिनी."

"इथे सिस्टर म्हणा," वहिनी मागे न बघता म्हणाल्या.

"मास्तरांच्या बायकोला तुम्ही जे सांगितलंत..."

"तिनं विचारलं ते सांगितलं. खोटं काय सांगितलं?"

खोटं काही नव्हतं. डॉक्टरांनी खोटं म्हटलंही नाही. ते म्हणाले, दादाला पालथं केलं ते चुकलं नाही, वहिनी. उशिरा केलं ते चुकलं. वहिनींनी हातातली चादर खाली ठेवली आणि वळल्या. त्यांच्या चेहऱ्यावर संताप नव्हता, होती ती एखाद्या अडाण्याला समजावण्याची तयारी. या वॉर्डात हयात गेली माझी, त्या म्हणाल्या, जेवढे पालथे केलेले पाहिले तेवढे गेले. यांच्याआधीचेही आणि यांच्यानंतरचेही. पुस्तकात काय आहे ते तुम्ही सांगा, मी डोळ्यांनी पाहिलंय.

"जायला टेकल्याशिवाय आपण कुणाला पालथं करतच नव्हतो," डॉक्टर म्हणाले. "म्हणून सगळे गेलेले दिसतात. वेळेवर केलेला एक तरी पाहिलाय का तुम्ही इथे? मीही नाही पाहिला. मी नुसती भाषणं देतो."

खोलीत धुतलेल्या कापडाचा कोरडा, उबट वास होता. बाहेर कुणीतरी ट्रॉली ढकलत नेली, तिचं एक चाक कुरकुरत होतं आणि ते कुरकुरणं दूर दूर जात राहिलं. वहिनी हुशार होत्या. त्यांना एकेक गोष्ट उलगडून सांगावी लागली नाही. मनातल्या मनात त्या एकेका खाटेपाशी जाऊन परत येत होत्या, हे डॉक्टरांना दिसत होतं. आणि मग त्या खिडकीजवळच्या खाटेपाशी पोचल्या.

"हे आत होते तेव्हा तुम्हाला हे ठाऊक होतं?"

"हो."

"केव्हा करायला हवं होतं?"

"मशीनवर घेतलं, त्याच संध्याकाळी."

"त्या संध्याकाळी मी घरी जाऊन आंघोळ करून आले," वहिनी सावकाश म्हणाल्या. "तुम्हीच म्हणालात, जाऊन या, काही घाई नाही."

डॉक्टरांना हे आठवत नव्हतं. म्हटलं असणार. असंच म्हणतात.

"वाचले असते?"

"सांगता येत नाही. वेळेवर करूनही सगळे वाचत नाहीत. पण वाचू शकला असता दादा." डॉक्टर चादरींकडे बघत म्हणाले. "सगळं केलं म्हणालो, ते तुम्हाला बरं वाटावं म्हणून."

"बरं वाटलं होतं," वहिनी म्हणाल्या. "इतकी वर्षं बरं वाटलं होतं, भाऊजी."

मग त्यांनी फडताळातून चांगल्या चादरींपैकी दोन काढल्या, उशा काखेत मारल्या आणि डॉक्टर दारात उभे होते त्यांना कोपरानं बाजूला सारून बाहेर गेल्या. काचेतून डॉक्टरांना दिसलं की त्या बाकापाशी थांबल्या. काय बोलल्या ते ऐकू आलं नाही. फार बोलल्याही नाहीत. मास्तरांच्या बायकोनं एकदा त्यांच्याकडे, एकदा काचेकडे पाहिलं, आणि ती उभी राहिली, आणि तिनं मुठीतला चष्मा वहिनींच्या हातात दिला, जणू आत गेल्याबरोबर नवऱ्याला तो लागणारच होता. वहिनींनी तो घेतला आणि अॅप्रनच्या खिशात ठेवला.

माणसं जमली. ड्युटी बदलायचीच वेळ होती, पण जाणाऱ्यांतल्या दोघींना वहिनींनी नुसतं नजरेनं थांबवलं. डॉक्टर उशाशी, डोकं आणि नळी त्यांच्या हातात. दोन्ही बाजूंना दोन-दोन माणसं. मास्तरांच्या डोळ्यांत मलम घालून पापण्या चिकटवल्या, छातीवर आणि कमरेवर उशा ठेवल्या, वरून चादर, आणि वरची चादर नि खालची चादर कडेनं अशी गुंडाळत आणली की मास्तर मध्ये पुरणासारखे बंदिस्त झाले. हे सगळं वहिनी सांगत होत्या, हळू आवाजात, कुणाचा हात कुठे, कुठली नळी आधी सोडवायची. इतकं नेमकं त्यांना येत होतं, हे डॉक्टरांनी कधी पाहिलं नव्हतं. येत नसल्यामुळे नाही, नको असल्यामुळे होत नव्हतं इतकंच. आधी कडेला सरकवलं. मग कुशीवर. मास्तर कुशीवर लटकले, जाऊ की नको अशा बेतात. वहिनी म्हणाल्या, "आता," आणि ते पालथे झाले.

आकडा खाली आला. मशीन ओरडायला लागलं. ज्युनिअर पोराचा चेहरा उतरला, एका नर्सनं दुसरीकडे पाहिलं, आणि वॉर्डातली ती म्हण कुणी न उच्चारताच सगळ्यांच्या कानांत वाजली. क्षणभर काहीच नाही. डॉक्टरांच्या तळहातात मास्तरांचं डोकं होतं, गरम, जड, आणि ते त्या डोक्याला मनातल्या मनात म्हणत होते, उचल, बाळा, उचल. मग आकडा थांबला. थांबून राहिला, आणि एकानं वर सरकला. परत एकानं. कुणी काही बोललं नाही, बोललं तर उतरेल अशी भीती. चहा येऊन गार होईपर्यंत तो कालपासून दिसला नव्हता तिथे जाऊन बसला, आणि तिथून आणखी वर. ज्युनिअर पोरगा चक्क हसला, मोठ्यानं, मग ओशाळून तोंडावर हात धरला. थांबलेल्या दोघी नर्सपैकी एक डोळे पुसत होती. मास्तर यातून उठतील की नाही, हे अजून कुणालाच ठाऊक नव्हतं, पुष्कळ दिवस काढायचे होते. पण आज, या सकाळी, ओझं पाठीवरून उतरलं होतं आणि हवा आत शिरत होती. डॉक्टरांना आनंद झाला. इतका झाला की त्यांनी मान वर केली, तो कुणाला तरी द्यावा म्हणून, आणि समोर वहिनी होत्या.

त्या मॉनिटरकडे बघत होत्या. आकडा एकेक पायरी चढत होता आणि त्याच्या प्रत्येक पायरीबरोबर त्यांचा चेहरा थोडा थोडा विझत होता. इतरांना जो मास्तरांचा जीव दिसत होता, तो त्यांना दुसऱ्याच कुणाचा तरी दिसत होता. त्या वाकल्या. मास्तरांचा खालचा कान उशीत दुमडला होता, तो त्यांनी बोटांनी सरळ केला, आणि त्याच्याखाली कापडाची मऊ घडी सरकवली. कान सरळ राहिला. त्यांनी बोट काढून घेतलं, तरी राहिला.

"एवढंच होतं?" त्यांनी विचारलं.

डॉक्टरांच्या तोंडाशी ते जुनं वाक्य आलं. नेहमीसारखं, न शोधता, तयार होऊन. मास्तरांच्या बाबतीत आज ते खरंही होतं. त्यांनी ते गिळलं.

"हो वहिनी," ते म्हणाले. "एवढंच."

वहिनींनी मान डोलावली नाही. त्यांनी खिशातून मास्तरांचा चष्मा काढला, काचा अॅप्रनला पुसल्या, आणि तो उशाशी, हलवताना कुणाचा धक्का लागणार नाही अशा जागी ठेवून दिला.